त्याची गोळी मी खाल्ली

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा नाही — तिथे मी भलतंच काहीतरी मागते आणि प्रसाद घेऊन घरी येते. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस. तू माझ्या पडवीत येऊन बसणार नाहीस, माझ्या हातचा चहा घेणार नाहीस. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती, तर एव्हाना सांगून झालं नसतं का?

मी चौथी शिकले. पुढे डोक्यावर मासळीची टोपली आली आणि अर्धं आयुष्य मालवणच्या बाजारात गेलं. आता गुडघे गेले म्हणून घरी असते. मी रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हाही फारशी रडले नव्हते. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का नव्हता. काय होतं ते सांगते. पण आधी गोळ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

माझा नवरा साबाजी. रापणीचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं — होडी ते पाण्यात अर्धगोल सोडत जाते, आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर उभी असलेली माणसं ओढतात. आमच्या वाडीतला नियम साधा. ज्याचा हात दोरीला लागला, त्याला मासळीचा वाटा. आजाऱ्यालाही वाटा देतात, नाही असं नाही, पण तो त्याच्या दारात आणून देतात. ओढणारा आपला वाटा टोपलीत घेऊन वाळूवरून चालत घरी येतो. बसलेल्याचा वाटा त्याच्या पायरीवर येऊन पडतो. बांगडा तोच, पेडवा तोच. पण मी काय म्हणते ते कळतंय ना तुला?

एका सकाळी दोरी ओढता ओढता साबाजी खाली बसला. छातीत मोटार सुटल्यागत वाटतंय म्हणाला. घाम, ओठ पांढरे. त्याला कुडाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की नाडी नको तितकी पळते, आणि हृदयाची एक नळीही बरीच बुजली आहे. तूर्त गोळ्यांवर ठेवू.

डॉक्टर तरुण, पण घाई न करता बोलणारा. माझी प्रेशरची गोळीही त्यांचीच होती, त्याच्या आधीपासून. त्यांनी आमची दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, या दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या, बीटा ब्लॉकर म्हणतात यांना. आजी, तुमची कार्वेडिलोल. आजोबांची मेटोप्रोलोल. नावाचं शेपूट सारखं, काम सारखं नाही. तुमची गोळी नाडी थोडी आवरते, पण रक्ताच्या नळ्या सैल करते, त्यामुळे तुमचा दाब चांगला उतरतो. आजोबांची गोळी दाब उतरवते, नाही असं नाही, पण तिचा जोर नाडीवर. हृदयाला धावू द्यायचं नाही, हे तिचं काम. तेव्हा एकमेकांची खायची नाही. आणि आजोबांची तर एक दिवस चुकवायची नाही. ती एकदम सुटली, तर इतके दिवस आवरून धरलेलं हृदय उधळतं.

साबाजीनं मान डोलावली. "म्हंजे नांगर, डॉक्टर. नांगर काढलो की होडी खंयच्या खंय."

डॉक्टर हसले. तसंच समजा, म्हणाले.

हे सगळं मी ऐकलं. अडाणी बाई, तिला काय कळणार — असं मनात म्हणत असशील तर म्हणू नकोस. मला कळलं होतं. त्या सुटकेची वाट मी आधीच बंद करून ठेवते.

आता रेश्माचं. रेश्मा माझी सून, संतोषची बायको. माहेर जामसंड्याचं. लग्नाआधी ती तिकडे औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे गोळ्यांचं सगळं तिनं आपणहून अंगावर घेतलं. खणाखणांची प्लॅस्टिकची डबी आणली — एक त्याची, एक माझी. प्रेशर बघायचं मशीन आणलं. रोज सकाळी आम्हा दोघांना पडवीत बसवायची, दंडाला पट्टा गुंडाळायची. त्या मशीनवर तीन आकडे येतात: वरचा, खालचा आणि सगळ्यांत खाली नाडी. माझा वरचा आकडा पूर्वी एकशे सत्तरच्या घरात असायचा, तो एकशे तीसवर आलेला. नाडी सत्तरच्या पुढे, आधी होती त्याहून किंचित कमी. साबाजीचा वरचा आकडा एकशे वीस-पंचवीस, तो आधीही फार नव्हता. पण नाडी बावन्न. कधी पन्नास.

रेश्मा खूश व्हायची. "बाबा, बावन्न. एकदम झकास."

"माझा इंजिन न्यूट्रलार आसा गो चेडवा," तो म्हणायचा, आणि तोंड उघडायचा. तिनं गोळी ठेवायची, तिनंच पाणी द्यायचं. लहान पोरासारखं.

बावन्न झकास कसं असेल? मला ते पटायचं नाही. कारण मला समोर काय दिसत होतं? चैत्रात स्वेटर मागणारा माणूस. हात हातात घेतले तर बर्फात ठेवलेल्या मासळीसारखे. जेवला की झोप, उठला की झोप. विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा थांबायचा. दर्यावर जाऊया म्हटलं तर "उद्या बघूया". डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, पुढच्या वेळी या, मात्रा थोडी कमी करता येते का बघू. पुढची वेळ महिन्यानं होती. तेवढा महिना थांबले असते तर! पण थांबले नाही.

मी आयुष्यभर मासे निवडले. कल्ला उघडायचा, डोळा बघायचा, बोटानं दाबायचं — ताजा का शिळा ते कळतं, त्याला डॉक्टर लागत नाही. गोळ्यांनाही मी तसंच लावलं. माझी गोळी खाऊन मी अशी — घर झाडते, जेवण करते, बाजारात टोपली घेऊन बसते. त्याची गोळी खाऊन तो तसा. मग चांगली गोळी कुठली? दोन्ही एकाच घराण्यातल्या ना? मग त्यातली बरी ती त्यालाही का नको?

बाजारातही बोलायला लागल्या. माझ्या बाजूला बसणारी एक होती, तिचं तोंड सुरीसारखं. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "तुझो घोव दर्यार दिसणा नाय गो हल्ली. अंड्यांर बसवलंस काय तेका?" सगळ्या हसल्या. मीही हसले. हातातल्या बांगड्याचं डोकं कोयत्यानं एका घावात उडवलं आणि हसले. आणि घरी आले तर पायरीवर वाटा ठेवलेला. फडक्याखाली झाकलेला. शेजारच्याचा मुलगा ठेवून गेला होता, हाकही न मारता — आजारी माणसाची झोप मोडू नये म्हणून. ती टोपली उचलताना मला जे वाटलं, ते मी तुला नीट सांगू शकत नाही. दया आलेली नको होती मला. कुणाचीच.

पण एवढंच होतं असं सांगून मी इथे थांबले, तर तेही खोटंच होईल.

तो माझ्या हातची गोळी खायचा नाही — हेही होतं. एकदा रेश्मा न्हाणीत होती, मी डबी उघडून गोळी पुढे केली, तर म्हणाला, राहू दे, चेडू येऊ दे, तिला कळतं त्यातलं. त्याचं जेवण आयुष्यभर मी वाढलं. तापात, वादळात, होडी उलटली त्या साली त्याला मी बघितलं. आणि आता काल आलेली पोर, तिला कळतं? डबी जागच्या जागी ठेवली. पण मनात गाठ बसली ती बसलीच. रेश्मा वाईट नव्हती. भांडली असती, उलट बोलली असती, तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडायला जागाच नव्हती. नीट वागणाऱ्या माणसाचा राग धरायला फार मेहनत पडते. मी ती घेतली.

पावसाळा सरला, रापणी सुरू झाल्या. त्याच सुमारास रेश्माच्या आईचा पाय मोडला, आणि रेश्मा आपल्या लहान पोरीला, माझ्या नातीला घेऊन जामसंड्याला गेली. जाताना दोन्ही डब्या भरून ठेवल्या. मला जवळ बसवून दाखवल्या — ही बाबांची, ही तुमची, सकाळची इकडे, रात्रीची तिकडे. "आई, बाबांची चुकवू नका हां," असं दोनदा सांगून गेली. तिनं दोनदा सांगितलं, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या सकाळी मी अदलाबदल केली.

दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारीक. त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. माझी सकाळची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची मी माझ्या तोंडात टाकली. का टाकली? फेकली असती तरी चाललं असतं. पण रेश्मा येऊन डबी बघेल, कचऱ्यात गोळी दिसेल — एवढा विचार होता डोक्यात. आणि औषध टाकायला हात धजला नाही, हेही खरं. म्हणजे बघ, गोळी वाया जाऊ नये याची मला काळजी होती.

तो उठला. एक-दोन दिवसांत उठला! हाताला ऊब आली. सकाळी आपणहून दात घासून अंगणात फेऱ्या घातल्या. जेवताना पुन्हा भात मागितला. "आज बरा वाटता गो," म्हणाला, आणि संध्याकाळी दर्यावर जाऊन आला, येताना मित्रांची नावं घेऊन हसत होता. मला काय वाटलं असेल? मी जिंकले. डॉक्टर हरले, मशीन हरलं, जामसंड्याची पोर हरली.

आणि माझं अंग? माझं अंग जड झालं. पाय ओल्या वाळूत रुतल्यासारखे उचलेनात. बोटं गार. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काळोख, भिंत धरावी लागे. तो इतके महिने जे सोसत होता, ते माझ्या अंगात आलं. तेव्हा तरी कळायला हवं होतं की गोळी आपलं काम करतेय — त्याच्यात करत होती ते आता माझ्यात करतेय, आणि त्याच्यात करायला आता कुणी नाही. पण मी काय समजले? बघा, म्हटलं, गोळीच वाईट. मी म्हणत होते तेच.

मशीन लावायचं मी टाळलं. लावता येत होतं मला, बटण दाबायचं तेवढं. पण आकडा बघायचा नव्हता.

एका सकाळी गोळी हातावर घेऊन तो थांबला. दुसऱ्या हातानं छाती चोळत होता. आदल्या दिवसापासून पुन्हा धडधडतंय म्हणाला, पहिल्यासारखं. मी म्हटलं, इतके महिने बसून होता आणि एकदम चालायला लागला, धडधडणारच. त्यानं गोळी बोटानं उलटीसुलटी केली.

"गोळी तीच मां गो ही?"

"तीच. दुसरी खंयची असतली?"

त्यानं तोंडात टाकली, पाणी प्याला. इतके महिने रेश्माच्या हातची खाणाऱ्यानं त्या दिवशी मला एवढंच विचारलं, आणि मी एवढंच सांगितलं. तोंडावर सांगितलं. आवाज हलला नाही माझा. बाजारात कालची मासळी आजची म्हणून विकताना तरी माझा आवाज थोडा चढतो.

तेवढ्यात दर्याकडून आरडाओरडा आला. बांगड्याचा थवा लागला होता, सगळी वाडी धावली. तोही निघाला. मी म्हणायला हवं होतं ना, की नको जाऊ? मी म्हटलं नाही. मी त्याला टोपी आणून दिली. मला बघायचं होतं त्याला दोरीवर. सगळ्यांनी बघावं, असं वाटत होतं. मी मागोमाग गेले आणि माडाखाली उभी राहिले — ती तोंडाळही होती तिथे, तिच्या शेजारीच मुद्दाम उभी राहिले.

त्यानं दोरी धरली. माणसांनी त्याला बघून हाळी दिली, कुणीतरी थट्टाही केली — "म्हातारो इलो रे, आता जाळा आपसूक येतला!" तो हसला आणि ओढायला लागला. पाय रोवून, पाठ मागे टाकून, पूर्वीसारखा. जाळं निम्मं आलं असेल. मग तो खाली बसला. दोरी सोडली नव्हती. माणसं ओढत होती, त्यामुळे दोरी त्याला वाळूवरून थोडी फरपटत घेऊन गेली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

टेम्पोत घातला. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं — आमचे कुडाळचे नव्हेत, दुसऱ्या — कागद बघून विचारलं, मेटोप्रोलोल नियमित चालू होती का? मध्ये बंद वगैरे?

संतोष माझ्याकडे बघत होता. दोन शेजारी होते, वाडीतली माणसं दारात होती. सगळ्यांना ऐकू गेलं मी काय बोलले ते.

मी म्हटलं, "गोळ्यांचं सून बघते. ती माहेरी गेली आहे."

बघ. त्यात एकही खोटा शब्द नाही. गोळ्यांचं सून बघत होती, आणि ती माहेरी गेली होती. कुणी मला शपथ घ्यायला लावली असती तरी मी ते वाक्य बोलू शकले असते. तसंच निवडून घेतलं होतं मी — कल्ला उघडून, डोळा बघून.

डॉक्टरीणबाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. मान हलवली. पुढचं मला काही करावं लागलं नाही. वाडीनं केलं. सून सासऱ्याला टाकून माहेरी गेली. डबी चुकीची भरून गेली. दुकानात होती म्हणे — दुकानात फरशी पुसायला होती की काय! म्हाताऱ्याला महिनोन् महिने गोळ्या घालून झोपवून ठेवला, आणि आता तर संपवलाच. मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त कुणी बोलत असलं की उठून आत जायचे. त्याचा अर्थ लोक काय घेत असतील, मला माहीत नव्हतं असं नाही.

रेश्मा त्याच दिवशी आली. आल्या आल्या रडली, मग डबी उघडून बघितली. खण त्या दिवसापर्यंत बरोबर रिकामे, पुढचे बरोबर भरलेले. ती सगळ्यांना दाखवत होती: "बघा, मी बरोबर भरलंलय, रोजची रोज काढलेली आसा." कोण बघतंय? रिकाम्या खणाकडे बघून कुणाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी उठताना मला चक्कर आली आणि मी चुलीजवळ बसले. रेश्मानं धरलं. सुतकाच्या घरात, सगळे तिच्याकडे पाठ करून असताना, तिनं मशीन आणलं आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. आकडे आले. वरचा ठीक होता. नाडी अठ्ठेचाळीस.

तिनं पट्टा काढला, पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग माझे हात हातात घेतले — गार होते. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही.

"आई, तुमची नाडी कधी इतकी उतरत नाय."

"दुःखान झाला असात," मी म्हटलं.

दुःखानं नाडी वाढते. औषधांच्या दुकानात काम केलेल्या बाईला ते ठाऊक असणारच. तिला कळलं का? मला वाटतं, कळलं. त्या क्षणी ती ओरडली असती, संतोषला हाक मारली असती, तर मी काय केलं असतं? नाकारलं असतं. नक्की नाकारलं असतं, आणि तिच्यावर आणखी एक आळ घातला असता. तिलाही बहुतेक ते कळलं. तिनं मशीन पिशवीत घालून ठेवलं.

बाराव्याला माणसं जमली होती तेव्हा संतोष तिला सगळ्यांसमोर बोलला. "बाबांक तुया मारलंस." मी आत वडे तळत होते. झारा कढईत धरून उभी राहिले. एक वडा जळून काळा झाला तोवर उभी राहिले, पण बाहेर गेले नाही. बाहेर चार पावलं टाकायची होती. त्या चार पावलांना मी आज इतकी वर्षं झाली तरी भ्यालेली आहे.

काही दिवसांनी ती पोरीला घेऊन जामसंड्याला गेली ती गेलीच. निघताना माझ्या डबीत माझ्या गोळ्या भरून गेली. साबाजीचं उरलेलं पाकीट तिनं बरोबर घेतलं. घरात ठेवलं नाही. उंबऱ्यात वाकून माझ्या पाया पडली — आणि हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "आई, तुमची गोळी तुम्हीच खावा. तुमचीच तेवढी."

शाप दिला असता तर सोसला असता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सासूनं ठेवावा तसा.

तेव्हा नात बालवाडीत होती, आता ती दहावीला बसेल. बापाला फोन करते कधीतरी. मी समोर असले तर तो फोन घेऊन अंगणात जातो. रेश्मा पुन्हा त्याच दुकानात आहे म्हणे. संतोषनं दुसरं लग्न केलं नाही. त्याची पर्यटकांची बोट आहे, दिवसभर लोकांना किल्ला दाखवतो, डॉल्फिन दाखवतो, त्यांच्याशी हसतो, त्यांच्या पोरांना सुकाणू धरायला देतो. घरी आला की एक शब्द नाही. ताटाकडे बघून जेवतो. हे सगळं माझ्या त्या वाक्यातून आलं. दोघांचा संसार मोडला तो माझा नवरा मेल्यामुळे नाही. मी जिवंत राहून गप्प बसले, म्हणून मोडला.

ही जुनी गोष्ट असती, तर कदाचित मी ती तशीच घेऊन गेले असते. पण जुनी राहिली नाही.

गेल्या पावसाआधी संतोषला बोटीवरच धडधडायला लागलं. कुडाळला गेला — तेच डॉक्टर, आता केस पिकलेत. बापाचीच नळी, बापाचीच नाडी. बापाचीच गोळी. तो पाकीट घेऊन घरी आला आणि माझ्यासमोर ठेवलं. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं, चुकवायची नाही, रोज कुणीतरी आठवणीनं द्यायला हवी.

मग संतोष इतक्या दिवसांत बोलला नव्हता इतकं बोलला. म्हणाला, "रेश्माच्या हातान बाबांचा जा झाला ता झाला. माका दुसऱ्या कोणाचो भरवसो नाय. तूच दी गो, आये."

तेव्हा सांगता आलं असतं. इतकं उघडं दार पुन्हा मिळणार नाही, हे मला त्याच वेळी कळत होतं. पाकीट माझ्या मांडीवर होतं. तो समोर बसलेला, बापासारखाच छातीवर हात ठेवून. मी तोंड उघडलं — आणि विचारलं, सकाळची का रात्रीची?

सकाळची, म्हणाला.

मी डबी घेतली. तीच जुनी, बापाची. अडगळीत होती, धुऊन घेतली. रोज सकाळी मी त्याची गोळी काढते. मशीन लावते, आकडा मोठ्यानं वाचते — वरचा, खालचा, नाडी. त्याची नाडी आता पंचावन्नच्या आसपास असते. माझी गोळी वेगळ्या खोलीत, वेगळ्या डब्यात ठेवलेली आहे. चुकत नाही, चुकणार नाही.

तो तळहात पुढे करतो. गोळी कुठली ते विचारत नाही. तिच्याकडे बघतही नाही. बाहेर दर्याकडे बघत तोंडात टाकतो, पाणी पितो आणि बोटीवर जातो.